डिंप्नाचं पुढचं दार

माझी भावजय डिंप्ना डेव्हनी दोन हजार तीनच्या नोव्हेंबरात निवडून आली, तेव्हा उत्तर आयर्लंडच्या बेलफास्टमधल्या विधानसभेला वर्षभर आधीच कुलूप लागलेलं होतं. प्रोटेस्टंट आणि कॅथलिक पुढाऱ्यांचं पटेना, म्हणून लंडनने सभागृह स्थगित केलं. निवडणूक मात्र घेतली! एकोणीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात राबलेली बाई आमदार झाली आणि तिला बसायला खुर्चीच नव्हती. पहिल्या दिवशी घालायला घेतलेला निळा कोट प्लास्टिकच्या पिशवीत तसाच कपाटात लटकत राहिला.

गाव तिला बिनखुर्चीची आमदार म्हणायचं. मीही म्हणायचे, खोटं कशाला बोलू.

"सभागृह बंद आहे, ऊना," ती म्हणायची, "लोकांच्या अडचणी बंद झाल्यात का?"

तिने मेन स्ट्रीटवरचं जुनं कापडाचं दुकान भाड्याने घेतलं आणि टाइप करायला, चहा करायला मला बसवलं. आमच्या बॅलिकेरनात वरच्या अंगाला प्रोटेस्टंट राहतात, खालच्या अंगाला आम्ही कॅथलिक, आणि कोण कुठल्या दुकानातून पाव घेतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दुकानाचं पुढचं दार भर रस्त्यावर, फुटपाथला लागून होतं. मागचं दार प्रोटेस्टंटांच्या प्रेस्बिटेरियन चर्चमागच्या बोळात उघडायचं. तिथे तीन पायऱ्या होत्या.

पहिली प्रोटेस्टंट बाई आली ती त्या मागच्या दाराने. तिच्या सरकारी घराच्या भिंतीला ओल आली होती आणि घरांचं खातं दाद देत नव्हतं. त्यांचे स्वतःचे आमदार होते की, आमच्याकडे एका मतदारसंघातून सहा निवडून येतात! पण सभागृह नाही तर काम कसलं, म्हणून ते कार्यालय बंद करून मोकळे झाले होते. दुसऱ्या दिवशी डिंप्नाने मागच्या दाराच्या कडीला तेल घातलं आणि तिथे एक खुर्ची आणि हीटर ठेवला. मग हळूहळू रांगच लागली. पुढून आमचे, मागून ते.

माझं डोकं फिरायचं. "तोंड लपवून येतात! एकाने तरी मत दिलंय का तुला?"

"नसेल दिलं. म्हणून मी त्यांची आमदार नाही का?"

"मग येऊ देत ना पुढून, उजळ माथ्याने."

"येतील," ती म्हणायची. एवढ्या एका गोष्टीवर तिचा जीव होता. ते पुढून येत नाहीत तोवर आपण अर्ध्याच गावाच्या आमदार, असं तिने मला एकदा बोलून दाखवलं होतं.

सगळ्यात ताठ होता हर्बर्ट गिलक्रिस्ट. वरच्या अंगाचा मोठा शेतकरी, कॅथलिक राजाला हरवल्याची बारा जुलैला त्यांची मिरवणूक निघते, तिच्यात सगळ्यात पुढे चालणारा. "त्या बाईच्या दारात मी मेलो तरी उभा राहणार नाही," असं त्याने गुरांच्या बाजारात चारचौघांत सांगितलं होतं. पुढे त्याच्या बायकोला, रूबीला अर्धांगवायू झाला. तिला उठवायला, न्हाऊ घालायला येणारी बाई सरकारने बंद केली, आणि एका संध्याकाळी मागच्या खुर्चीवर हर्बर्ट बसलेला मला दिसला. टोपी पार डोळ्यांवर ओढलेली.

"मिसेस डेव्हनी," तो म्हणाला, "मी आलो होतो हे कुठे बोलू नका."

"चहात साखर किती, मिस्टर गिलक्रिस्ट?" डिंप्नाने विचारलं.

तिने अकरा पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही. तेव्हा तिने तो निळा कोट पहिल्यांदा पिशवीतून काढला आणि आम्ही बेलफास्टला आरोग्य खात्याच्या दारात जाऊन बसलो. एक तरुण साहेब बाहेर आला. "विधानसभाच नाही सध्या, बाई. मग तुम्ही नक्की कोण?"

"कुलूप सभागृहाला आहे, साहेब, मला नाही," डिंप्ना म्हणाली. "रूबी गिलक्रिस्टची फाइल आणा. मी थांबते."

आम्ही साडेचारपर्यंत थांबलो. घरून नेलेली सँडविचं त्याच्या दारासमोर बसून खाल्ली. पुढच्या आठवड्यात रूबीकडे बाई पुन्हा यायला लागली. हर्बर्टने मागच्या दाराने येऊन आभार मानले आणि मागच्याच दाराने गेला.

मग दोन हजार पाचचा जुलै आला. बाराव्या तारखेच्या आधी खालचं अंग रिकामं होतं. आम्ही सगळे दुकानं बंद करून डोनेगलला समुद्रावर जातो. त्यांचे ढोल ऐकत बसायची हौस कुणाला? मी बॅग भरली होती. डिंप्ना जागची हलेना.

"सुट्ट्या काय सभागृहाला कमी आहेत? मी इथेच थांबते."

मग मीही थांबले. तिला एकटीला कशी टाकणार?

साडेअकराला मिरवणूक मेन स्ट्रीटवर आली. बासऱ्या, ढोल, नारिंगी पट्टे. फुटपाथवर सगळं वरचं अंग उभं. पडद्याच्या फटीतून मी पाहिलं तर आमच्याच दारासमोर रूबी चाकाच्या खुर्चीत होती, तिची बहीण वाकून तिच्याशी बोलत होती, आणि रूबी रडवेली झाली होती. बहिणीने रस्त्याकडे हात केला. मिरवणुकीत पुढे चालणारा हर्बर्ट थांबला आणि रांग सोडून बाहेर आला. मिरवणुकीतून कुणी रांग सोडल्याचं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

त्याने पुढच्या दारावर थाप मारली. काळी गोल टोपी, गळ्यात पट्टा, हातांत पांढरे हातमोजे. मी दार उघडलं.

"रूबीला संडासला जायचंय," तो हळू म्हणाला.

इतक्या दिवसांचं माझ्या तोंडावर आलंच. "मागचं दार उघडंच असतं की, मिस्टर गिलक्रिस्ट!"

"मागे तीन पायऱ्या आहेत. खुर्ची चढत नाही." मग त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि सगळ्या फुटपाथला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आणि आपल्या आमदाराकडे मागच्या दाराने का म्हणून जायचं?"

डिंप्ना मला बाजूला सारून पुढे आली आणि रूबीची खुर्ची तिने स्वतः आत घेतली. ढोल तेवढा वेळ थांबले होते, का ते मला आजही सांगता येणार नाही. अभिमानाने माझा ऊर भरून आला होता, एवढं खरं. बिनखुर्चीची म्हणे!

ते गेल्यावर मी मागच्या बोळाकडची खुर्ची आणि हीटर उचलून पुढच्या खोलीत आणून ठेवला.