हाताला गुण कोणाच्या?

दिवाळीत माझी जुनी, दोन आसनी स्पोर्ट्स कार काळा धूर सोडू लागली, तेव्हा मी पेट्रोलपंपाला जबाबदार धरले. तुळशीच्या लग्नापर्यंत प्लग काजळले, तेव्हा ते विकणाऱ्या दुकानदाराला. आजपासून मात्र माझी तक्रार खालापूरच्या त्या गॅरेजवाल्याविरुद्ध आहे.

हा गृहस्थ गिऱ्हाइकाशी बोलत नाही, गाडीशी बोलतो. धुराचा वास घेऊन तो बॉनेटला म्हणाला, "बाय, लय पेट्रोल पितेस गं. हवा मिलत नाय का तुला?" आणि समोरच्या टपरीवर, जिथे माझी पत्नी आधीच चहा घेत बसली होती, चहाला निघून गेला.

हवेच्या फिल्टरचे झाकण मी स्वतः उघडले. दसऱ्याच्या पूजेत पत्नीने गाडीच्या जाळीत खोचलेल्या झेंडूच्या पाकळ्या वाळून आत ओढल्या गेल्या होत्या आणि फिल्टरला चिकटून हवा अडवत होत्या. त्या मी एकेक वेचून काढल्या. तेवढ्यात तो परतला, त्याने चावी फिरवली आणि इंजिन एका सुरात चालू लागले.

टपरीवरचे म्हणाले, "याच्या हाताला गुन हाय." त्याने नाकारले नाही. माझ्या काळ्या बोटांकडे पाहून म्हणाला, "काका, हात धुवून घ्या. झाली तुमची बाय बरी."

परतीच्या वाटेवर कडाव गावापर्यंत गाडीने धूर सोडला नाही. शेजारी बसलेली पत्नी कौतुकाने म्हणाली, "त्यांच्या हाताला गुण आहे हो." माझ्या हाताविषयी ती असे कधीच म्हणालेली नाही.

गाडी कोणाच्या हाताने बरी झाली, याचे उत्तर त्या गृहस्थाने त्याच टपरीवर, सर्वांसमक्ष आणि माझ्या पत्नीच्या उपस्थितीत द्यावे.