आमच्या तक्त्यातलं एक वर्तुळ

एम.ए.ला मी मानववंशशास्त्र घेतलं आणि त्याला स्त्री-अभ्यासाची जोड दिली. दोन्ही मिळून समाजात न्याय आणायचा, असा बेत होता. समाज म्हणजे अर्थातच दुसऱ्यांचा. धार जिल्ह्यातल्या एखाद्या गावात जायचं आणि तिथल्या बायकांना त्यांच्यावर काय अन्याय होतो ते समजावून सांगायचं, एवढं मी ठरवून टाकलं होतं. शिकवणाऱ्या मॅडमनी मात्र पहिलं काम दिलं ते स्वतःच्या घराचं: पाच पिढ्यांचा नात्यांचा तक्ता. पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ.

देवासला आमच्या बैठकीत वंशावळ फ्रेम करून लावलेली आहे. तीत सगळे पुरुष. मी काकांना विचारलं, "यात बायका कुठे आहेत?"

"त्या घालायच्या तर मोठी फ्रेम लागेल," काका म्हणाले. त्यांना खरंच तेवढीच अडचण दिसत होती. शिवाय त्यांना नावंही येत नव्हती. स्वतःच्या आजीला ते आयुष्यभर आईसाहेबच म्हणत आले होते.

म्हणून मी सरदारपूरला आत्याकडे गेले. आत्या म्हणजे काका आणि बाबांची धाकटी बहीण, शाळेतून रिटायर झालेली, एकटी राहणारी. तिला सगळ्या बायकांची नावं पाठ, माहेरचीही आणि लग्नात बदललेलीही. माझं शिक्षण हिंदीतून झालेलं, त्यामुळे ती आधी माझ्या वेलांट्या दुरुस्त करत बसली. मग तिचं बोट तक्त्याच्या एका ओळीवर थांबलं.

"हे वर्तुळ म्हणजे मी?"

"हो."

"आणि हे त्रिकोण दादा आणि तुझे बाबा. तिघांना वरून एकच रेघ?"

"एकाच आईवडिलांची मुलं ना, म्हणून."

"बरोबरीची?"

मी उत्साहाने पितृसत्तेवर दहा मिनिटं बोलले. आत्याने ऐकून घेतलं, चहा गाळला आणि विचारलं, "मग हाटपिपल्याच्या जमिनीच्या नामांतरणात मी का नाही?"

आजोबा गेल्यावर ती जमीन वारसांच्या नावावर चढवायच्या अर्जात दोन मुलगे लिहिले होते, मुलगी लिहिलीच नव्हती. मला हे ठाऊक नव्हतं. आत्याला ते पुढे कधीतरी बाहेरून कळलं होतं, आणि ती गप्प राहिली होती.

मी घाईने म्हणाले, "आत्या, हा फक्त अभ्यासाचा तक्ता आहे." दोन वर्षांच्या शिक्षणातलं ते माझं सगळ्यात भित्रं वाक्य.

दुसऱ्या दिवशी तिने तक्त्याची फोटोकॉपी काढली आणि बस धरून हाटपिपल्याची तहसील गाठली. पटवाऱ्याने, म्हणजे तिकडच्या तलाठ्याने, कागद उलटसुलट फिरवला आणि शेजारच्याला म्हणाला, "भिया, ये ज्यामिति देखना जरा." आमच्या त्रिकोण-वर्तुळांच्या भूमितीला तिथे काही किंमत नव्हती. आत्या दुसऱ्यांदा गेली ती वडिलांचं नाव असलेली शाळेची मार्कशीट घेऊन.

काकांचा मला फोन आला. "तुला शिकायला पाठवलं ते लोकांच्या घरात न्याय करायला. आपल्या घरात काय कमी होतं?"

बाबा दोन दिवस जमिनीचे कागद काढून हिशेब करत बसले. आत्याचा वाटा बाबांच्याही जमिनीतून जाणार, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं, आणि खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं. स्त्री-अभ्यासात याला काय म्हणतात, ते मी शोधलं नाही.

शेवटी काका शेवेचं पाकीट घेऊन सरदारपूरला गेले. मीही होते. "तुला काय कमी आहे गं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, दादा," आत्या म्हणाली. "कमी असतं तर आधीच मागितलं असतं."

काका बराच वेळ शेव खात राहिले. आधी बाबांनी संमतीवर सही केली. काकांनी दिवाळी जाऊ दिली, मग केली. आत्याचं नाव चढलं. मॅडमनी मात्र माझे मार्क कापले. संशोधकाने क्षेत्रात हस्तक्षेप केला, असा शेरा होता. मी काहीच केलेलं नाही, हे त्यांना पटवून देणं मला फार कमीपणाचं वाटलं.

आता मी धारच्या एका संस्थेत बायकांच्या जमिनीच्या हक्कांचं काम करते. सरदारपूरकडे बैठक असली की आत्या न बोलावता येऊन मागे बसते. मी पितृसत्तेपर्यंत पोचले की तिथूनच म्हणते, "ते असू दे. अर्ज कुठे द्यायचा ते सांग." बायका पेन काढतात.