भिंतीवरची कुर्ली

"चला, खेकडा वर चढवा!"

बाईंनी असा हुकूम सोडला की समोरचा माणूस, मग तो कॉलेजचा प्राध्यापक असो की खलाशी, मुकाट भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा आणि दुखऱ्या हाताची बोटं एकेक करून भिंतीवरून वर चालवायचा. बाईंचा हात त्याच्या कोपराखाली असायचा, पण टेकलेला नाही. मध्ये दोन बोटांचं अंतर. चढायचं ते त्याचं त्यानेच.

मांडवीत एका माडीवर त्या फिजिओथेरपी करत. घाटावरच्या होत्या. माझे बाबा त्यांना पहिल्याच दिवशी म्हणाले, "बाई, खेकडा नाय, कुर्ली म्हणा. हय तिला कोण खेकडा म्हणत नाय."

"बरं, कुर्ली. पण ती वर जाऊ दे."

बाबा आंबे उतरवणारे. गेल्या हंगामात कलमावरून पडले ते थेट खांद्यावर. हाड जुळलं, गळ्यातली झोळी सुटली, पण हात खांद्याच्या वर जाईना. आणि आंबा तर खांद्याच्या वरच असतो! लांब बांबूच्या टोकाला पातं आणि जाळी लावलेला झेला गावात बाबांइतका सफाईने कोणी चालवत नसे. तोच माणूस आता पडवीत बसून आईकडून शर्टाची बटणं लावून घेत होता. "यंदा आंबे निवडायला बसेन," असंही म्हणू लागला होता.

त्यात भेटायला येणारे! तुम्हीही हे पाहिलं असेल. बिस्किटांचा पुडा आणि सल्ला, दोन्ही घेऊन माणसं यायची. "हात हलवू नको हो, आराम कर." अरे, आराम करून करूनच तर तो हात थिजला! व्यायामाचे उपचार म्हणजे क्रिकेटवाल्यांचे लाड, असं समजणाऱ्यांना मला गदागदा हलवावंसं वाटायचं. कष्टकऱ्याचा हात हेच त्याचं सगळं. मग त्या हाताला उपचार पुरे का मिळू नयेत?

बाईंनी घरचा अभ्यास दिला. पडवीतल्या चिऱ्याच्या भिंतीवर रोज बोटं चालवायची आणि पोचतील तिथे कोळशाने रेघ मारायची. शेजारचे तात्या रस्त्यावरूनच ओरडायचे, "काय रे, कुर्ल्या गावल्या की नाय? आज कालवण काय?"

ते हसणं बाबांना झोंबलं. आणि रेघा भराभर वर जाऊ लागल्या! आम्ही हरखलो. मी फोटो काढून बाईंना दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. पुढच्या वेळी त्यांनी बाबांना स्टुलावर बसवलं आणि म्हणाल्या, "आता चढवा."

बोटं कानापाशीच थांबली.

"घरी टाचा उचलता ना?"

बाबा स्टुलावरून उठले आणि चपला घालून निघाले. जिना उतरताना मला म्हणाले, "परत येवचा नाय हय."

चार दिवस बाबा गेलेच नाहीत. पाचव्या दिवशी बाईंची स्कूटर आमच्या अंगणात! त्यांनी आईकडून ओलं फडकं मागून घेतलं आणि भिंतीवरच्या सगळ्या रेघा पुसून टाकल्या.

"बाई, लोक हसतत हो," बाबा पुटपुटले.

"हसू देत. मला उंच रेघ नकोय. मला तुमचा खांदा हवाय."

त्यांनी भिंतीला स्टूल लावलं. बाबा बसले. नवी रेघ कानाशीच पडली, पण खरी पडली.

मग काय सांगू! दोन दिवसांनी बोटभर, आठवड्याने दोन बोटं. कधी तीन-तीन दिवस तिथेच अडायची आणि बाबा भिंतीला शिव्या घालायचे. एका सकाळी त्यांनी आपला शर्ट आपणच डोक्यावरून काढला आणि आई चुलीवरचं दूध विसरली. पुढे बाईंनी झेल्याची जाळी सोडवून नुसता बांबू उचलायला लावला. तेव्हा तात्याही कुंपणाशी येऊन मोजायला लागले, "हां, अजून एक! सोडू नको!"

हंगामाच्या पहिल्या तोडणीला बाई मुद्दाम आल्या. बाबा जमिनीवरच उभे राहिले, झाडावर इतक्यात चढायचं नाही असा करार होता. झेला वर गेला. खांद्याच्या वर, डोक्याच्या वर, पानांत शिरला. एक हिसका, आणि देठासकट फळ जाळीत! आम्ही सगळे ओरडलो. आम्ही आंबा पाहत होतो. बाई खांदा पाहत होत्या.

"आता माझं काम नाही," त्या म्हणाल्या.

पुढच्याच महिन्यात त्यांनी मांडवीतलं बस्तान हलवलं आणि घाटावर परत गेल्या. त्या माडीवर आता शिकवणी चालते.

मला त्या आठवतात त्या मात्र कलमाखाली. हातात तो हिरवा, कडक आंबा. बाबा त्यांना बजावत होते, "लगेच कापू नका. गवतात ठेवा. रोज बघायचा, पण दाबायचा नाय. घाई केलात तर आंबट लागंल."

"किती दिवस?" बाईंनी विचारलं.

"तो सांगंल," बाबा म्हणाले, आणि बाईंनी आंबा ओढणीत गुंडाळून स्कूटरच्या डिकीत जपून ठेवला.