मागच्या सीटवरचे तांदूळ

दारात आलेल्या पाहुण्याला आधी वजन आणि मग चहा विचारणारा माणूस अख्ख्या मिशिगनमध्ये एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. "या, या! किती भरता सध्या?" असं म्हणतच ते दार उघडतात. नवखा माणूस गांगरतो. बायका तर पायातले बूट न काढताच परत फिरायच्या बेतात असतात. मग आतून माझी मेहुणी, म्हणजे आमची ताई, ओरडते, "अहो, आत तर येऊ द्या त्यांना! आणि तुम्ही मनावर घेऊ नका हं, त्यांच्या गाडीसाठी हवंय." या खुलाशाने पाहुण्याचं समाधान व्हावं अशी ताईची प्रामाणिक अपेक्षा असते. एका गणपतीला तर त्यांनी बाथरूममधला वजनकाटा उचलून थेट दिवाणखान्यात आणला होता. आरती झाल्यावर प्रसादाच्या रांगेत काटा कशाला, हे कोणालाच कळेना. पुण्याच्या एका काकूंना वाटलं, मोदक खाण्याआधी आणि नंतर अशी काही स्पर्धा आहे. त्यांनी उत्साहाने पदर खोचला.

हे सगळं ज्या गाडीसाठी चालायचं ती एक साधी करडी सेडान. चारही चाकांनी ओढणारी, कारण आमच्या नोव्हाय गावच्या बर्फात दोन चाकांवर विसंबून राहणं साडूंना मान्य नाही. गाडी उत्तम होती, फक्त साडूंच्या मते ती उंच होती. टायर आणि त्याच्या वरचा पत्रा यांच्यात चार बोटं सरळ आत जायची. ती चार बोटं त्यांना दाताच्या फटीसारखी सलत. तिथे दोनच बोटं गेली पाहिजेत, म्हणजे गाडी कशी रस्त्यावर बसल्यासारखी दिसते, असं त्यांचं म्हणणं. मी पडलो सॉफ्टवेअरवाला. गाडी सकाळी सुरू झाली की माझं तिच्याशी भांडण नसतं. "आहे की चांगली," असं मी एकदा म्हणालो, तर त्यांनी माझ्याकडे अशा किवेनं पाहिलं की पुढे बरेच दिवस मी त्यांच्या गाडीकडे मत असल्यासारखं बघायचंच सोडून दिलं.

खरं तर हा माणूस गाड्यांच्याच धंद्यातला. पण नशीब असं की पहिल्या दिवसापासून त्यांच्या वाट्याला आलं दाराचं रबर. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून दाराच्या कडेला जी काळी पट्टी असते, तिच्यावर त्यांची उभी हयात गेली. प्रेम होतं ते सस्पेन्शनवर, म्हणजे गाडीला चाकांवर तोलून धरणाऱ्या स्प्रिंगांवर. लग्न एकीशी आणि जीव दुसरीवर, असा प्रकार. संध्याकाळी गराज उघडून, तिथल्या घडीच्या खुर्चीवर बसून ते स्प्रिंगांविषयी वाचत बसत. कोणती स्प्रिंग किती दबते, कोणता शॉक अ‍ॅब्सॉर्बर किती वर्षं टिकतो, हे सगळं तोंडपाठ. फक्त विकत काही घेत नसत. कारण माझे साडू निवड करू शकत नाहीत. इंडियन ग्रोसरीत वांगी घ्यायला गेले की दुकानदार त्यांना खुर्ची देतो. घरातला सोफा घ्यायला इतका वेळ लागला की तोवर सगळे पाहुणे सतरंजीवर बसून आपलेसे झाले होते. "मला मात्र एका चहा-पोह्यात होकार दिला," ताई म्हणते, "आयुष्यात तेवढं एकच काम घाईत केलं, आणि ते अजून ऐकवतात."

पण गाडीच्या बाबतीत नुसती धरसोड नव्हती, त्यामागे तत्त्व होतं. ते मला त्यांनी इतक्यांदा समजावून सांगितलं आहे की झोपेतही सांगेन. गाडी खाली आणायची तर आखूड स्प्रिंगा बसवायच्या. त्यात मऊ स्प्रिंग घेतली तर मागे माणसं बसली की गाडी दबते, आणि खड्डा आला की टायर वरच्या पत्र्याला घासतो. आणि मिशिगनच्या खड्ड्यांविषयी काय बोलावं! कडक स्प्रिंग घेतली तर भरल्या गाडीत सुख, पण एकटा माणूस आत डब्यातल्या शेंगदाण्यासारखा खुळखुळतो. शिवाय चारही चाकांना जोर जाणारी गाडी फार खाली आणली तर आतल्या दांड्यांचे कोन बिघडतात. "तेव्हा प्रश्न स्प्रिंगचा नाहीच हो," ते बोट वर करून म्हणत, "प्रश्न असा आहे की, गाडीत बसणार कोण?"

बाकीचे लोक गाडी खाली आणतात ती एकट्याने मिरवायला. साडूंच्या डोक्यातली गाडी मात्र कायम भरलेली असे. पुढे ते आणि ताई, मागे लेक रेवा आणि सांगलीहून आलेले आईवडील, डिकीत त्यांच्या बॅगा, बॅगांत मेतकूट, गोडा मसाला, पापड, आणि आईंनी कोणाचंही न ऐकता आणलेला लोखंडी तवा. डेट्रॉइटच्या विमानतळावरून हा सगळा लवाजमा घेऊन घरी येताना एकदाही चाक घासता कामा नये, ही त्यांची कसोटी. कोणी गाडीची कसोटी शर्यतीच्या मैदानावर घेतो, कोणी डोंगराच्या वळणांवर. यांनी घेतली आईच्या तव्यावर.

आता आईवडील सांगलीत आणि गाडी नोव्हायत, मग मोजमाप घ्यायचं कसं? तर तांदळाने. साडूंनी मागच्या सीटवर एका बाजूला तांदळाच्या गोण्या रचल्या, त्या आई. दुसऱ्या बाजूला कणकेच्या पिशव्या, ते वडील. वजन ठेवलं की गाडी पट्ट्यासाठी टिंगटिंग करते, म्हणून दोघांना पट्टे बांधले. आणि असे ते आपल्या मातापित्यांना घेऊन ऑफिसला जात. सिग्नलला शेजारचा गोरा माणूस पट्टा बांधलेल्या गोणीकडे टक लावून बघायचा. साडू हात हलवून अभिवादन करायचे. दर रविवारी सांगलीला फोन. "आई, वजन किती?" त्या माउलीला काय ठाऊक! ती शेजारणींना सांगायची, "डॉक्टर विचारत नाही एवढं आमचा मुलगा विचारतो." त्यांचं वजन वाढलं की इकडे तांदूळ वाढत. एकदा ताईने घरातले तांदूळ संपले म्हणून गाडीतली गोणी फोडून खिचडी टाकली. साडूंना रस्त्यावरच्या पहिल्याच उंचवट्याला कळलं. घरात शिरताच ते गरजले, "आईतले तांदूळ कोणी काढले?"

या वेडात त्यांना घरातलं एकच माणूस सामील होतं, ते म्हणजे रेवा. ती इथेच जन्मलेली. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत येतं. बापलेकीचं एरवी फारसं बोलणं नसे. तिचं संगीत त्यांना गोंगाट वाटे आणि त्यांचे विनोद तिला कळत नसत. पण गाडीखाली दोघं पाठीवर झोपली की शेजारीशेजारी चार पाय तेवढे बाहेर दिसत, आणि आतून तासन्‌तास गप्पा ऐकू येत. त्या गाडीखालच्या भाषेत मराठी-इंग्रजीचा वाद नव्हता. ताई चहा घेऊन गेली की पायांना हाक मारायची. शाळेत असतानाच रेवाने वडिलांकडून वचन घेतलं होतं की गाडी खाली आणायची ती दोघांनी मिळून, ती घरात आहे तोवर.

"नक्की," साडू म्हणाले होते. "आजी-आजोबा येऊन जाऊ देत, त्यांना बसवून एकदा खरं माप घेतो. मग तू आणि मी. एक अख्खा शनिवार."

आजी-आजोबा दर उन्हाळ्यात येणार असत. एका वर्षी आजोबांचा मोतीबिंदू निघाला. एका वर्षी आजींचा गुडघा. एकदा व्हिसाची तारीख मिळाली नाही, आणि मिळाली तेव्हा शेजारच्या मुलीचं लग्न होतं, ते सोडून येणं आजींना बरं दिसेना. रेवाची शाळा संपली, कॉलेज संपलं. कॉलेज जवळच होतं म्हणून ती शनिवार-रविवार घरी यायची आणि गोण्यांकडे बघून म्हणायची, "हाय आजी, हाय आजोबा." मग टेक्ससमध्ये, अर्विंगला, तिला नोकरी लागली. त्या उन्हाळ्यात ती वडिलांच्या मागेच लागली.

"बाबा, लेट्स जस्ट डू इट. एनी स्प्रिंग इज फाइन. आजीला प्रॉब्लेम झाला तर वुई विल रेझ इट बॅक."

"असं अर्धवट काम करायचं नसतं, रेवा. या वेळी तिकिटं काढलीयत त्यांची. तू जायच्या आधी येतायत ते. दोन आठवडे थांब फक्त."

"यू ऑल्वेज से दॅट," ती म्हणाली. पण थांबली.

त्या दोन आठवड्यांत सांगलीहून फोन आला. वडिलांना अर्धांगाचा झटका आला होता. साडू मिळेल त्या विमानाने गेले. रेवाची नोकरीवर रुजू व्हायची तारीख काही हलेना, तेव्हा तिला विमानतळावर सोडायला आम्हीच निघालो. साडूंचीच करडी गाडी काढली. गोण्या आणि पिशव्या मी गराजमध्ये उतरवल्या, आणि मी चालवायला, शेजारी रेवा, मागे ताई आणि माझी बायको, दोघींच्या मांडीवर बॅगा, डिकी तर बसून बंद करावी लागली. ताईने लेकीला दिलेला स्वयंपाकाचा संसार त्यात होता, आणि त्यात लोखंडी तवाही होता. निघताना रेवा एकदम "काका, वेट," म्हणाली, उतरून मागच्या चाकाशी वाकली आणि तिने टायरवरच्या फटीत बोटं घातली. मग मला बोलावलं. दोन. बरोबर दोन बोटं जात होती.

"टेल बाबा," ती हसत म्हणाली. "वुई डिडंट नीड एनी स्प्रिंग्ज. त्यांना सांग, सगळे बसलो की होतं." डोळे मात्र हसत नव्हते. विमानतळापर्यंत प्रत्येक खड्ड्याला मागचं चाक घासत होतं.

साडू परतले ते वडिलांचं सगळं करूनच. डोक्यावरचे केस अजून पुरते आले नव्हते. मी रेवाचा निरोप जसाच्या तसा सांगितला. ते गराजमध्ये गेले, चाकाशी उकिडवे बसले आणि त्यांनी फटीत हात घातला. चार बोटं सहज गेली. मला त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण आम्ही साडू-साडू, आमच्यात चेष्टेची रीत आहे, खांद्याची नाही. मग ते उठले, तांदळाच्या गोण्या परत मागच्या सीटवर ठेवून त्यांना पट्टा बांधला, आणि कणकेच्या पिशव्या एकेक करून आत स्वयंपाकघरात नेऊन ठेवल्या. त्या कणकेच्या पोळ्या घरात कोणाला गेल्या नाहीत. ताईने ती शेवटी देवळातल्या भंडाऱ्याला दिली.

आईंना इकडे आणायचा त्यांनी खूप प्रयत्न केला. "एकटीनं तिथं येऊन काय करू?" एवढंच त्या म्हणत. पुढे पुढे तर रविवारी वजन विचारलं की त्या सांगत, "काट्यावर चढवत नाही रे आता." मग एके दिवशी तांदळाच्या गोण्याही गाडीतून उतरल्या. ताईने तर रेवाला पोचवून आल्यापासून ती गाडी सोडलीच होती. तिची स्वतःची उंच गाडी आहे, आणि वाकून गाडीत शिरायचं तिचं वय राहिलेलं नाही.

आणि गंमत बघा, ज्या माणसाला वांगं निवडता येत नव्हतं, त्याने मग एका दुपारी, चहा पिता पिता स्प्रिंग निवडली. मी समोरच होतो. फोनवर दोनदा बोट टेकवलं आणि फोन खाली ठेवला. मी म्हटलं, "अहो, इतकी वर्षं घोळ घातलात, आणि आता एवढ्यात?" तर म्हणाले, "आता काही अवघड नाही हो. एकट्याचंच वजन धरायचं." मी त्यांना आयुष्यभर छळलं आहे, पण त्या वाक्यावर मी आपला किटलीतला उरलेला चहा त्यांच्या कपात ओतला.

ज्या शनिवारी स्प्रिंगा बसवल्या त्या दिवशी मी मदतीला गेलो, म्हणजे पाने उलटेसुलटे हातात देऊन बोलणी खाल्ली. गाडीखालून दोनच पाय बाहेर दिसत होते. संध्याकाळी गाडी खाली उतरवली. खरंच देखणी दिसत होती, माझ्यासारख्यालाही कळावं इतकी. साडूंनी फोन लावून रेवाला फटीतली दोन बोटं दाखवली. "ओ माय गॉड, बाबा! फायनली!" ती ओरडली, आणि मग थोडी थांबून म्हणाली, "बट मी आले की घासेल ना?" "घासेल थोडं," साडू म्हणाले. "ये तू. घासू दे." ती येणार म्हणाली आहे. दिवाळीला जमलं नाही, नाताळात बघते म्हणते. नोकरीत रजा मोजक्याच मिळतात, तिचं तरी काय चुकतं!

परवा त्यांच्याकडे गेलो होतो. दार उघडलं, आणि साडू म्हणाले, "या, चहा घेणार ना?" मला उंबऱ्यातच चुकल्यासारखं झालं. कोट काढता काढता मी आपणहूनच सांगून टाकलं, "साडूभाऊ, वजन वाढलंय बरं का माझं."

"वाढू द्या हो," ते म्हणाले. "मागे बसतंय कोण?" आणि चहा टाकायला आत गेले.