खुणेचा दगड

गटाराच्या ओल्या मातीचा वास आला की मला आमच्या वाशिमच्या सार्वजनिक बागेतला तो शेंदरी दगड आठवतो. गावाच्या सांडपाण्याची नळी त्या बागेखालून जात असे. एका उन्हाळ्यात ती फुटली आणि घाण पाणी पिण्याच्या विहिरीकडे पाझरू लागले. ओव्हरसियर असलेले माझे वडील मिस्त्री आणि दोन गडी घेऊन धावले. मागोमाग मी त्यांचा डबा घेऊन. नळीच्या जोडावर वडिलांनीच पूर्वी खुणेचा दगड रोवला होता. आता त्याला शेंदूर फासलेला, वर रुईचा हार, आणि शेजारी नारळ घेऊन बसलेली एक म्हातारी. गडी कुदळी टेकवून उभेच राहिले. "आजी, हा देव नाही, हा मी रोवलेला दगड आहे," वडील म्हणाले. "तुमी रोवला असंन बापा, पण मले तर पावला." मुसलमान मिस्त्री दाढी खाजवत म्हणाले, "साहेब, मी तर हात नाई लावत. उद्या माह्याच नावानं बोंब होईन." विहिरीवर बाया रिकाम्या घागरी घेऊन ताटकळल्या होत्या. शेवटी वडिलांनी दातओठ खात म्हातारीचाच नारळ मागून घेतला आणि आपल्याच दगडापुढे फोडला. मग गड्यांनी दगड हलवून खणले, तर बरोबर खाली फुटकी नळी. "पाहा," म्हातारी म्हणाली, "देवानं जागा दाखोली का नाई?" वडिलांनी डबा न उघडताच परत दिला. आज माझ्या खिडकीखालच्या बागेत चार दिवस खोदकाम चालू आहे आणि नळी कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नाही. खोदणाऱ्या पोरांना वरून सांगावेसे वाटते, बाळांनो, आमच्याकडे निदान दगड तरी होता.