आत्याची जजगिरी आणि तिची निवडणूक

कॅनडातल्या वॉन गावातल्या आमच्या दुकानात शाई आणि किस्से दोन्ही रोज सांडतात. शाई निदान पुसता येते. आत्याच्या निवडणुकीच्या वर्षाचे किस्से तर इतके साठलेत की बाबा म्हणाले, "एकदा लिहून टाक, माझं ब्लड प्रेशर उतरेल." चारचौघांत बोलायला मला जमत नाही, म्हणून लिहितो.

आधी ओळख करून देतो. आम्ही बॅनर, बोर्ड आणि लॉन साइन, म्हणजे अंगणात रोवायच्या पाट्या, छापतो. मी ग्रेड इलेव्हनला शाळा सोडली, तेव्हापासून मशीन आणि व्हॅन माझ्याकडे. सुमनआत्या बाबांची धाकटी बहीण. सीमेवरच्या पुलापलीकडे अमेरिकेत काउंटी कोर्टात जज. आधीचे जज मधेच रिटायर झाले म्हणून तिला नेमलं होतं. पण ती खुर्ची टिकवायची तर नोव्हेंबरात निवडणूक जिंकायची, आणि तीही पक्षाच्या तिकिटावर.

•

ती जज झाली त्या पहिल्या दिवसाची गोष्ट. जजचा काळा झगा हातावर टाकून आत्या कोर्टात शिरली. दारावरच्या नव्या शिपायाने तिच्याकडे एकदा बघितलं आणि अदबीने बाजूची खुर्ची दाखवली. "मॅम, इंटरप्रीटर इथे बसतात."

आत्या म्हणाली, "बसते की. पण मग जज येऊन बसेपर्यंत तुम्हा सगळ्यांना उभं राहावं लागेल, आणि आज दुसरा जज येणार नाहीये."

•

गणपतीत ती इकडे रिचमंड हिलला आमच्या मंडळात आली. निवडणुकीचं कळल्यावर जोगळेकरकाका हातातला मोदक खायचे थांबले. काकांनी मुंबईत क्लब क्रिकेटला अंपायरिंग केलंय.

"म्हणजे अंपायरला प्रेक्षकांनी मतं देऊन उभा करायचा?"

"हो काका."

"आणि तो कुठल्या टीमचा आहे, तेही सांगायचं?"

"सांगायला नाही लागत. मतपत्रिकेवर छापलेलंच असतं."

काकांनी उरलेला मोदक संपवला. मग म्हणाले, "इथे कॅनडात जज नेमतात, ते बरं आहे. निदान शिव्या नेमणाऱ्याला देता येतात, स्वतःला नाही."

•

बाबांनी ठरवलं की सगळ्या पाट्या बहिणीला फुकट छापून द्यायच्या. आत्याने फोनवरच नकार दिला. तिथल्या निवडणुकीत परदेशी माणसाने पैसे किंवा फुकटचा माल द्यायला बंदी आहे.

"अगं, मी तुझा सख्खा भाऊ."

"कॅनेडियन सख्खा भाऊ, दादा. बिल पाठव."

"मग भाऊबीजेला काय करायचं?"

"ओवाळीन. तुला काय द्यायचं ते निवडणूक झाल्यावर दे."

बाबांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "आजीला पुण्याला फोन लाव. तिला कळू दे, तिची मुलं आता एकमेकांना परदेशी झाली."

•

आता आमची चूक. आत्याचा पक्ष साधारण आमच्या कॅनडातल्या लाल रंगाच्या पक्षासारखा. बाबांनी डोकं चालवलं आणि विचारायची गरज न वाटून सगळ्या पाट्या झकास लाल रंगात काढल्या. मलाही तेच बरोबर वाटलं होतं.

पाट्या घेऊन मी निघालो, तर सीमेच्या पुलावर ऑफिसरने विचारलं, "मागे काय आहे?"

युनिफॉर्म बघितला की माझी जीभ अडखळते. मी म्हणालो, "माझी आत्या."

त्याने मला खाली उतरवलं आणि व्हॅन उघडली. आत छतापर्यंत आत्या. त्याने एक पाटी उचलली, उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, "या सगळ्या?"

आत्याच्या अंगणात पोचलो तर तिने एकच पाटी बाहेर ओढली.

"ही माझी आहे की समोरच्या उमेदवाराची?"

तिथे लाल रंग दुसऱ्या पक्षाचा. तिचा निळा. इथल्या बरोब्बर उलट. मी बाबांना फोन लावून स्पीकरवर टाकला.

बाबा म्हणाले, "मग त्यांनी उलट का केलं? त्यांना सांग ना."

सगळं परत छापलं. निळ्यात.

•

पत्रकाचा वैताग वेगळाच. जजच्या उमेदवाराने काहीच कबूल करायचं नसतं. असा निकाल देईन, तसा देईन, चोरांना बघून घेईन, सगळं नियमाबाहेर. बाबांनी सुचवलेली प्रत्येक ओळ आत्याने खोडली. शेवटी उरलं तिचं नाव, फोटो आणि खाली "जज".

बाबा चष्मा कपाळावर चढवून बघत राहिले. "सुमे, हे प्रचाराचं पत्रक आहे की 'हरवली आहे'ची जाहिरात?"

"दादा, न्यायाने वागेन एवढंच मी म्हणू शकते."

"असल्या माणसाला मी तरी मत देणार नाही."

"तुला मत नाहीच आहे, दादा."

•

वारं त्या वर्षी तिच्या पक्षाच्या विरुद्ध होतं. मतपत्रिकेवर सगळ्यात वर गव्हर्नर, मग इतर मोठी नावं, आणि जज पार तळाशी. तिथवर कोणी वाचत नाही, वरचा पक्ष बघून खालपर्यंत खुणा करत जातात. आत्या हरली. जिंकला तो घरांच्या खरेदी-विक्रीचे कागद करणारा वकील. त्याने फौजदारी खटला कधी चालवलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी पाट्या गोळा करायला मी आणि आत्या व्हॅन घेऊन निघालो. गावाबाहेर एका कुंपणाला तिची पाटी नीट तारेने बांधलेली होती. मी तार सोडवत होतो, तेवढ्यात घरातून एक म्हातारा बाहेर आला. आत्याला बघून त्याने टोपी काढली.

"जज, माझा नातू दर महिन्याला तुमच्यासमोर हजेरीला येतो. ड्रग्जच्या केसमधला. तुम्ही त्याला जेलऐवजी उपचाराला पाठवलंत. मी मागच्या बाकावर बसतो."

आत्या म्हणाली, "चालू केसबद्दल मला इथे बोलता येणार नाही, सर."

"नका बोलू, मी बोलतो. पोरगं कामाला लागलंय. तुमच्यासारखा जज या काउंटीत झाला नाही. वाऱ्याने पाटी पडायची, म्हणून मीच ती तारेने बांधली."

आत्याचे डोळे भरून आले. रात्रभर ती रडली नव्हती.

"तुमच्या मतासाठी थँक्यू," ती म्हणाली.

म्हातारा गडबडला. "मत? नाही, नाही. मी जन्मभर दुसऱ्या पक्षाला मत देत आलोय. आमच्या घरात सगळेच देतात." मग थोडं थांबून त्याने विचारलं, "मार्चमध्ये त्याची शेवटची तारीख आहे. तेव्हा तुम्ही असाल ना?"

"नाही. माझी मुदत डिसेंबरअखेर संपते. नवे जज असतील."

"नवे कोण?"

"ज्यांना तुम्ही काल मत दिलंत, ते."

म्हाताऱ्याने टोपी हातात फिरवली. मग दोन पावलं जवळ येऊन हळूच विचारलं, "माणूस कसा आहे तो?"