रिकाम्या हॉलात धरलेल्या जागा

हॉलमध्ये पाऊल टाकलं की काकू आधी खुर्च्यांकडे बघायच्या. मग सरळ पुढच्या रांगेत जाऊन एका खुर्चीवर पर्स ठेवायच्या, दुसरीवर छत्री आडवी टाकायच्या, तिसरीवर रुमाल पसरायच्या आणि चौथीवर स्वतः बसायच्या. बाकी हॉलमध्ये शुकशुकाट. माइकवाला हॅलो हॅलो करतोय, आयोजक दारात रस्त्याकडे डोळे लावून उभा आहे आणि काकू जागा धरतायत. एखाद्याने त्या रुमालाकडे नुसतं पाहिलं तरी त्या सांगायच्या, "इथे माणसं येतायत हो. रिक्षा मिळत नाहीये त्यांना."

कोणीही येत नसे. हे काकूंना माहीत असे, आयोजकाला माहीत असे आणि मलाही. फक्त स्टेजवर तंबोरा लावत बसलेल्या माणसाला ते ठाऊक नसे, आणि काकूंचा सगळा खटाटोप त्या एका माणसासाठी चाललेला असे.

ठाण्यात नौपाड्यातल्या एका गल्लीत आमच्या साप्ताहिकाचं ऑफिस होतं. मी नवी नवी लागले तेव्हा संपादकांनी मला 'येत्या आठवड्यात' हे सदर दिलं. शहरात कुठे गाणं आहे, कुठे कविसंमेलन, कुठे रांगोळीचं प्रदर्शन, ते छापायचं. नव्या माणसाला कुठेतरी बसवायचं म्हणून बसवतात तसं ते सदर होतं. काकू ऑफिसच्या मागच्या बिल्डिंगमध्ये राहायच्या. माझ्या पहिल्याच आठवड्यात त्या जिना चढून आल्या, पदराने वारा घेत माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "काय गं, या आठवड्यात कुणाकडे माणसं कमी पडणार?"

मला वाटलं, बाईंना रटाळ कार्यक्रम टाळायचे असतील. मी मोठ्या उत्साहाने चांगल्या चांगल्या कार्यक्रमांची नावं सांगायला लागले. त्यांनी हातानेच मला थांबवलं. "ते राहू दे. तिकडे जातील माणसं. तू मला पडेल कार्यक्रम सांग."

हळूहळू मलाही ते ओळखता यायला लागलं. पत्रिकेत कलाकाराच्या नावापेक्षा प्रमुख पाहुण्यांची नावं मोठी असली की काळजी नसे, पाहुण्यांची माणसं पाहुण्यांसाठी येतात. 'अल्पोपाहाराची सोय केली आहे' असं असलं तर प्रश्नच मिटला. पण पत्त्यात 'च्या मागे, च्या वर, दुसरा मजला' असं आलं किंवा त्याच संध्याकाळी क्रिकेटचा मोठा सामना असला, की मी त्या ओळीवर पेन्सिलीने खूण करून ठेवायची. काकू ती खूण बघून समाधानाने मान हलवायच्या. त्यांच्याबरोबर मीही जायला लागले. सुरुवातीला कामाचा भाग म्हणून, मग सवय म्हणून, आणि नंतर काकू नसल्या तर मला कार्यक्रमाला करमेना म्हणून.

बाळकुमला एका नव्या संकुलाच्या क्लबहाउसमध्ये एका नृत्यशिक्षिकेच्या मुलींचा कार्यक्रम होता. मुली नटूनथटून, घुंगरू बांधून बसलेल्या, आणि समोर फक्त त्यांचे आईबाप. तेही सगळे फोनमध्ये. काकूंनी जागा धरल्या, मला त्यांची राखण करायला बसवलं आणि खाली उतरल्या. गेटबाहेर कट्ट्यावर जुन्या गावातल्या चार बायका बसल्या होत्या. त्यांच्या शेतांवरच ते संकुल उभं राहिलेलं, पण आत पाय ठेवायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

"वर नाच आहे. पंखे आहेत. चला की," काकू म्हणाल्या.

त्यातल्या सगळ्यात म्हातारीने विचारलं, "पोरींचा नाच हाय का? मंग चल गो, बगू."

वॉचमन आडवा आला. काकू त्याला म्हणाल्या, "या प्रमुख पाहुण्या आहेत." आणि त्या बायका खरोखरच पहिल्या रांगेत प्रमुख पाहुण्यांसारख्या बसल्या. शेवटी म्हातारीने एका मुलीच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. ती नृत्यशिक्षिका पुढे कित्येक दिवस ते सांगत होती.

कल्याणजवळच्या मोहन्याला, कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ पेटी वाजवणार होते. एकल हार्मोनियम. माणसं कमी पडायला एवढं पुरेसं असतं. आम्ही दोघी, मंडळाचे दोन कार्यकर्ते आणि त्या गृहस्थांचा तबलजी. पहिली चीज संपली तशा काकू ओरडल्या, "वन्स मोअर!" त्यांनी ती परत वाजवली. काकू परत ओरडल्या. तिसऱ्या वेळी ते गृहस्थ घाम पुसत म्हणाले, "अहो बाई, मला दुसरंपण येतं." त्या संध्याकाळी ते एवढं छान वाजवत होते की मंडळाच्या बाहेर रिक्षावाले इंजिन बंद करून उभे राहिले. यात काकूंचा वाटा किती आणि त्या गृहस्थांचा किती, हे सांगणं कठीण आहे.

अति तिथे माती म्हणतात, तशीही एकदा झाली. कल्याणला 'भक्तिसंगीत' म्हणून एक कार्यक्रम होता. पत्रिकेत वर लहान अक्षरात 'यांच्या स्मरणार्थ' असं होतं, ते ना मी नीट वाचलं ना काकूंनी. आम्ही पोचलो तर समोर गेलेल्या गृहस्थांचा हार घातलेला फोटो, उदबत्त्या आणि पहिल्या रांगेत घरची माणसं. तरी सवयीने काकूंनी उरलेल्या खुर्च्यांवर छत्री आणि रुमाल टाकलाच. गायकाने अभंग संपवला. सगळे डोळे टिपतायत, आणि त्या शांततेत काकूंचा खणखणीत आवाज आला, "वन्स मोअर!"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. काकूंचाही चेहरा पडला. तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या बाई, त्या गृहस्थांच्या पत्नी, मागे वळल्या. आता काय ऐकावं लागतंय म्हणून काकूंनी छत्री जवळ ओढली. पण त्या बाई गायकाला म्हणाल्या, "म्हणा हो परत. ते असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं."

परतताना स्टेशनबाहेरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. मी हसत हसत विचारलं, "काकू, कशासाठी करता हे सगळं?" त्यांनी कप खाली ठेवला.

"आमच्या घरात एक गाणारा माणूस आहे," त्या म्हणाल्या.

मी चकित झाले. काका मला माहीत होते ते एवढेच, की दार उघडायचे, "या" म्हणायचे आणि परत पेपरामागे जायचे. बँकेत नोकरी केलेले, शिस्तीचे, अबोल. ते गातात हे मला कोणी सांगितलं असतं तर मी चेष्टा समजले असते.

"डोंबिवलीला गुरूंकडे किती वर्षं शिकले गं. मग इथेच कल्याणला एका हॉलमध्ये पहिला कार्यक्रम ठरला. नेमका त्याच संध्याकाळी मैदानावर एका मोठ्या गवयाचा फुकट कार्यक्रम. सगळं गाव तिकडे. इकडे एक आयोजक आणि तबलजीचा भाऊ."

"आणि तुम्ही?"

"मी आत होते. येणाऱ्या माणसांसाठी चहा करत होते. भलंमोठं पातेलं. म्हटलं, एकदा चहा झाला की जाऊन बसू समोर. हात पुसत बाहेर आले तर हे तंबोऱ्यावर गवसणी चढवत होते." काकूंनी कप परत उचलला. "मला म्हणाले, कोणीच नव्हतं. खरंच होतं ते. मीसुद्धा नव्हते. त्यानंतर गायलेच नाहीत. आंघोळ करतानासुद्धा नाही. एकदा समोर बसून त्यांचं गाणं ऐकायचंय मला. भरल्या हॉलात. बाकी काही नको."

मी उगाचच दुसरा चहा मागवला.

काकू अधूनमधून काकांपुढे विषय काढायच्या. "अहो, तुम्ही गा. माणसांचं माझ्याकडे लागलं." काका पेपर उलटत म्हणायचे, "लोकांचे हॉल भर तू. आमचं झालं गाऊन." इतकी वर्षं हेच चाललं होतं.

मग मागच्या वर्षी एका संध्याकाळी आम्ही ज्या कार्यक्रमाला निघालो होतो तो आयत्या वेळी रद्द झाला, आणि आम्ही अर्ध्या वाटेतून परत आलो. जिना चढताना काकूंनी माझा हात धरला. वर, बंद दाराआड, कोणीतरी गात होतं. आवाज थकलेला होता, मधेच श्वास अपुरा पडत होता, पण सूर कुठेही हलत नव्हता. काकूंनी पर्समधून रुमाल काढला, माझ्यासाठी पायरीवर पसरला आणि स्वतः शेजारी बसल्या. गाणं संपेपर्यंत त्या हलल्या नाहीत. टाळ्या वाजवायला उठलेले हात त्यांनी मांडीखाली दाबून धरले होते.

गाणं थांबल्यावर काकूंनी बेल वाजवली. काकांनी दार उघडलं.

"लवकर आलीस?"

"कार्यक्रम रद्द झाला," काकू म्हणाल्या. "म्हणून जिन्यावर दुसरा ऐकला. मी घराबाहेर पडले की गाता होय तुम्ही!"

काकांचे कान लाल झाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग काकूंकडे. "दोघी होतात?"

"दोघी. मागच्या वेळी तेवढीच माणसं होती. म्हणजे काही कमी झालेली नाहीत."

काका हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघत होते. दाराची कडी चाळवत ते म्हणाले, "एक अट आहे. चहा दुसऱ्या कोणीतरी करायचा."

तारीख ठरली, नौपाड्यातल्या वाचनालयाचा हॉल ठरला. साप्ताहिक आता कागदावर निघत नाही, लोक ते फोनवर वाचतात, पण सदर माझ्याकडेच आहे. मी ओळ लिहिली. काकू जिना चढून आल्या, तेव्हा मी मुद्दामच विचारलं, "काकू, या आठवड्यात कुणाकडे माणसं कमी पडणार?"

त्या हसल्या नाहीत. "खरंच पडतील का गं?" जगाचे हॉल भरत हिंडलेल्या बाईला आपल्या नवऱ्याच्या गाण्याचं आमंत्रण करायची लाज वाटत होती. "आपल्या घरच्याचं काय सांगत सुटायचं! लोक म्हणतील, इतके दिवस आमच्याकडे यायची ती याच्यासाठीच." त्यांनी एकालाही फोन केला नाही. मी करते म्हटलं तर मलाही शपथ घातली. भीतीने मात्र त्यांची झोप उडाली होती.

कार्यक्रमाच्या आधीच काकू गेल्या. दुपारी जेवण झाल्यावर जरा पडते म्हणाल्या आणि उठल्याच नाहीत. मी सदरातली ती ओळ काढून टाकली. ती काढताना मला जेवढं रडू आलं तेवढं स्मशानातही आलं नव्हतं.

तेरावा झाला. त्याच्या दुसऱ्या दिवशी जिन्यावर पावलं वाजली. सवयीने मी मान वर केली, तर दारात काका. ते समोरच्या खुर्चीवर बसले, दम खाल्ला आणि विचारलं, "या आठवड्यात कुणाकडे माणसं कमी पडणार?"

मग स्वतःच म्हणाले, "आमच्याकडे. लिही."

मी ओळ लिहिली. राग कोणता, तबल्यावर कोण, काही नाही. नौपाडा, वाचनालयाचा हॉल, संध्याकाळची वेळ आणि काकांचं नाव. खाली एक वाक्य मी माझ्या मनाने घातलं: 'पुढच्या रांगेत बसून वन्स मोअर देणाऱ्या काकू यांचे हे यजमान.' शपथ मोडली म्हणा हवं तर.

त्या दिवशी मी लवकर गेले. काका त्याआधीच आलेले होते. पुढच्या रांगेत, मधोमध, एका खुर्चीवर काकूंची पर्स होती. छत्री नव्हती, रुमाल नव्हता. मी दारात उभी राहून रस्त्याकडे बघायला लागले. आजवर ज्या आयोजकांना मी मनातल्या मनात हसले होते, त्यांची काय गत होत असेल ती मला तेव्हा कळली.

पहिले मोहन्याचे पेटीवाले आले. येऊन मुकाट्याने बसले. मग बाळकुमच्या नृत्यशिक्षिका, मागे त्यांच्या मुली, आता चांगल्या मोठ्या झालेल्या. त्यांच्याबरोबर ती म्हातारी, काठी टेकत. कल्याणच्या त्या बाई आपल्या मुलाला घेऊन आल्या. मग ज्यांची नावंही मी विसरले होते असे कवी, कथाकथनवाले, बासरीवाले, एकपात्रीवाले. शहरातले सगळे पडेल कार्यक्रम जणू एकत्र येऊन बसले होते. खुर्च्या संपल्या, लोक भिंतीला टेकून उभे राहिले. मी माइकच्या टेबलामागे उभी राहून डोळे पुसत होते.

काका स्टेजवर तंबोऱ्यावर हात ठेवून बसले होते. तेवढ्यात उशिरा आलेला एक गृहस्थ वाट काढत पुढे गेला, पर्स ठेवलेल्या खुर्चीपाशी थांबला आणि इकडेतिकडे बघत मला म्हणाला, "ताई, इथे कोणी आहे का?"

काकांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"हो," मी म्हटलं. "येतायत. रिक्षा मिळत नाहीये त्यांना."

काकांनी डोळे मिटले आणि सूर लावला. आत गॅस बंद करून ठेवलेलं चहाचं पातेलं निवत गेलं. ज्याला चहा करायला सांगितलं होतं तोही बाहेर येऊन भिंतीशी उभा होता.